पावती क्रमांक चारशे अठरा

८ जानेवारी

भाऊजी,

आशीर्वाद नेहमीचेच. मधल्या महिन्यांत त्यात घट झालेली नाही. तुमचा पत्ता सुट्या भागांच्या दुकानदाराकडून मिळवला. तो देईना. म्हणाला, "पक्कडनं बजावलंय, कुणाला द्यायचा नाही." मी म्हटलं, "मी कुणी नाही, मी त्याची वहिनी आहे." मग पत्ता दिला आणि वर चहाही पाजला.

'तुम्ही' लिहिताना हात अडतो आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा तू नववीत होतास आणि खिशात पेनाऐवजी पक्कड घालून शाळेत जायचास. तेव्हा पुढचं सगळं 'तू'नेच लिहिते. राग आला तरी शेवटपर्यंत वाच.

कारण असं. गेल्या गुरुवारी लिफ्ट तपासणी कार्यालयाची नोटीस आली, ह्यांच्या नावाने. नावामागे 'मयत', खाली 'वारस : पत्नी'. तू गाव सोडलंस त्यानंतर आठवड्याभरात, दोन ऑक्टोबरला, त्या पिवळ्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये अपघात झाला. पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात, त्या आत पाय ठेवत होत्या. जाळीचं दार उघडंच होतं आणि लिफ्ट वर निघाली. उजवा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला. त्यांचं मशीन त्या पायावरच चालायचं. त्यांनी तक्रार केली, कार्यालयाने इमारतीच्या समितीला जाब विचारला, आणि समितीने जे उत्तर दिलं ते मला आलेल्या नोटिशीला जोडलेलं आहे. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं उतरवते : "सदर अपघात हा देखभाल करणाऱ्या मयत मेकॅनिकने दाराचा खटका न तपासता दि. १४ सप्टेंबर रोजी सर्व ठीक असल्याची पावती दिल्यामुळे घडला."

खटका म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको. दार पुरतं लागल्याशिवाय लिफ्ट हलू देत नाही तो. बावीस वर्षं ह्यांच्या ताटाशेजारी पाण्याच्या भांड्याआधी तो येऊन बसायचा, तेलात भिजलेला. जेवता जेवता दाबून बघायचे. मी म्हणायचे, सवत बरी, ती निदान डाग तरी पाडत नाही.

ते वाक्य मला त्या कागदावरून काढून टाकायचं आहे. बाकी काही नको.

वाचनालयात दर बुधवारी कायद्याचा सल्ला फुकट मिळतो हे मला माहीत होतं, कारण मी त्याच टेबलाशेजारी बसून वाचते. सल्ला देणाऱ्या बाई न्यायालयात अर्ज स्वीकारायच्या खिडकीवर तीस वर्षं होत्या. सगळे त्यांना खिडकीवाल्या बाईच म्हणतात. मी नोटीस पुढे केली. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "पाकीट कुठंय?" पाकिटावर टपालाचा शिक्का असतो आणि पंधरा दिवस तिथून मोजायचे असतात. मी ते कचऱ्यात टाकलं होतं. घरी जाऊन कचऱ्यातून काढलं, पुसलं आणि परत नेलं. त्यांनी नाकसुद्धा मुरडलं नाही.

मग कोरा कागद दिला. "डावीकडे तारीख, उजवीकडे काय घडलं. एका तारखेला एक ओळ. विशेषण नको." मी लिहिलं आणि त्यांनी माझी निम्मी वाक्यं खोडली. "'अत्यंत प्रामाणिक' कशाला? प्रामाणिक होते तर ते तारखांतून दिसेल." मला आधी राग आला. घरी येऊन खोडलेला कागद पुन्हा वाचला तर ह्यांचं आयुष्य तिथे जास्त स्वच्छ दिसत होतं. अशी माणसं भेटतात, भाऊजी, आणि आपण त्यांना नुसतं 'खिडकीवाल्या' म्हणतो.

आता तुझ्याकडचं काम. ह्यांचं पावती पुस्तक घरात नाही. तू नेलेल्या हत्यारांच्या पिशवीत असेल. वरची पावती इमारतीला जाते, खालची कार्बनची आपल्याकडे राहते. चौदा सप्टेंबरच्या पानाची प्रत मला पाठव. मला एवढंच हवं आहे. दुसरं काही विचारत नाही.

वहिनी


१९ जानेवारी

भाऊजी,

उत्तर नाही. टपाल पोचलं आहे, पोचपावतीवर तुझी सही आहे. हल्ली मी सगळं पोचपावतीने पाठवते. खिडकीवाल्या बाईंनी शिकवलं : फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, काय असेल ते लिहून द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. आता मी दूधवाल्यालाही चिठ्ठी लिहिते. तो वैतागला आहे.

काल आम्ही दोघी तपासणी कार्यालयात गेलो. समितीने दिलेल्या पावतीची छायाप्रत मला आधीच मिळाली होती, पण बाई म्हणाल्या, मूळ कागद बघितल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. कारकून कंटाळून म्हणाला, "प्रत म्हणजे मूळच की हो." बाई म्हणाल्या, "मग मूळच दाखवा, फरक काय पडतो?" त्याला हसू आलं, आणि फाईल आली.

मूळ पावती आपलीच, निळी, सहा ओळींची. क्रमांक चारशे सतरा. दोर ठीक, ब्रेक ठीक, मोटर ठीक, तेलपाणी केले. खटक्याचा शब्दही नाही. पण छायाप्रतीत कापला गेलेला एक कोपरा आहे, त्यावर लहान अक्षरात '१/२' लिहिलं आहे. सहा ओळींत मजकूर मावला नाही की ह्यांच्या पद्धतीने पुढच्या पावतीवर जायचं आणि कोपऱ्यात आकडे घालायचे. तुम्हा दोघांखेरीज हे कुणी करत नाही. बाईंनी चष्मा वर केला आणि कारकुनाला म्हणाल्या, "काम सुरू तीन दहा, असं लिहिलंय. संपल्याची वेळ नाही. मेकॅनिक काय अजून वरच बसलाय?" म्हणजे चारशे अठरा आहे. समितीने ती दिलेली नाही.

मी आनंदाने उठणार होते, पण उठले नाही. आता पहिल्या पत्रात जे गाळलं ते लिहिते.

ती सही ह्यांची नाही. हे मला छायाप्रत हातात पडली तेव्हाच कळलं होतं. नाव ह्यांचं आहे, पण शेवटच्या अक्षराची शेपटी वर वळवायची सवय तुझी आहे. आणि चौदा सप्टेंबरला तीन वाजून दहा मिनिटांनी हे शस्त्रक्रियेच्या खोलीत होते. मी बाहेर बाकावर बसले होते.

लायसन्स एकाचं आणि हात दोघांचे, हे आपल्या धंद्यात घरोघरी चालतं. हे म्हणायचे, "सही काय, दोघांची एकच." सात वर्षं तुझ्या मागे लागले होते की परीक्षा दे, आणि सात वर्षं तू म्हणत होतास, पुढच्या वेळी. मला कधी वाटलं नाही की यात काही चुकतंय. घरात एकच छत्री असावी तसं ते लायसन्स होतं.

तू त्या दिवशी साडेसातला रुग्णालयात आलास. हाताला काळं तेल होतं. मी तुला सगळ्यांसमोर म्हटलं, "भावापेक्षा लिफ्ट मोठी झाली का?" पाच दिवसांनी हे गेले, नंतर आठवड्याभरात तू गेलास. मी आजवर समजत होते की मी रागाच्या भरात बोलले आणि तू रागाने गेलास. आता कळतं, तू वर काय करत होतास ते. ह्यांनीच तुला पाठवलं असणार. सकाळी मला पाणी आणायला पाठवलं आणि तुझ्या कानाशी काहीतरी बोलले, ते मी दारातून पाहिलं होतं. माझं ते वाक्य चुकीचं होतं. माफ कर, असं कागदावर लिहिते आहे, म्हणजे ते नंतर नाकारता यायचं नाही.

एक गोष्ट आणखी. कार्यालयातून बाहेर पडताना बाईंनी विचारलं, "त्या दिवशी मालक कुठं होते?" मी म्हटलं, "कामावर." बाई एवढंच म्हणाल्या, "चला, चहा घेऊ." त्यांच्याशी मी पहिल्यांदाच खोटं बोलले.

वहिनी


२९ जानेवारी

भाऊजी,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी, पण मी त्या पाचशेंसारख्या वाचल्या.

आधी आनंदाची ओळ. तू डिसेंबरात परीक्षा दिलीस, पास झालास, आणि तुझ्या स्वतःच्या नावाचं लायसन्स तुझ्या खिशात आहे. हे मी ह्यांच्या फोटोसमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. शेजारीण डोकावून गेली, कुणाशी बोलता म्हणून. मी म्हटलं, निकाल सांगतेय.

मग दुसरी ओळ. चारशे अठराचा कार्बन तुझ्याकडे आहे, आणि तू तो उतरवून पाठवलास : "२/२. दाराचा खटका झिजला आहे, नवीन लागेल. बसवेपर्यंत लिफ्ट चालवू नये. मेन स्विच बंद करून चावी सचिवांच्या हातात दिली. काम संपले ६.४०." किती सरळ लिहिलं आहेस. बाईंनी एकही शब्द खोडला नसता.

आणि तिसरी ओळ : "वहिनी, सही मीच केली हे कळलं तर लायसन्स जाईल. काय करू ते तू सांग."

मी बाईंकडे गेले आणि आधी माझं खोटं मागे घेतलं. त्या म्हणाल्या, "मला माहीत होतं. जिच्या नवऱ्याची सही असते ती बाई मूळ कागदाला हात लावते. तुम्ही हात मागे घेतलात." मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं, ते तुला सांगते. ह्यांचं नाव सुटायचं तर चारशे अठरा पुढे यायला हवी. ती पुढे आली की खालच्या सहीबद्दल विचारणा होणार, आणि रुग्णालयाची नोंद तयारच आहे. म्हणजे ह्यांना सोडवायच्या प्रत्येक रस्त्यावर तू उभा आहेस.

मी विचारलं, नुसतं गप्प राहिलं तर? त्या म्हणाल्या, "गप्प राहायचा हक्क आहे. खोटं लिहायचा नाही. आणि एक लक्षात ठेवा, तुमचं खरं तुम्ही लिहायचं, त्याचं खरं त्यानं. दुसऱ्याचं खरं आपण लिहायला गेलो की त्याला चुगली म्हणतात." वर म्हणाल्या, "त्याला एवढं कळवा. विचारल्यावर सांगितलं तर ती कबुली होते. न विचारता सांगितलं तर ती माहिती असते. अधिकारी दोन्ही वेगवेगळ्या मापाने मोजतात. सुटेल असं मी म्हणत नाही."

मुदत, पंधरा दिवस संपायच्या आधीच वाढवून मागितली होती, ती चौदा फेब्रुवारीपर्यंत मिळाली आहे. वाढवून मागायची असते हेही मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते सरकारी तारीख म्हणजे दगडावरची रेघ.

शिवणकाम करणाऱ्या बाईंना भेटून आले. जाऊ नये असं वाटत होतं, म्हणून गेले. पाय स्टुलावर आणि मशीन टेबलावर घेतलं आहे. एका हाताने चाक फिरवतात, दुसऱ्याने कापड सरकवतात. शिवण तरीही सरळ. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्यावर माझा राग नाही. तुमचे मालक निघताना दार तीनदा लावून बघायचे, आवाजाने माझी तंद्री मोडायची. त्यांनी असं केलं असेल, हे मला पटत नाही. पण मला न पटून काय उपयोग, कागदावर तसं आहे." असं म्हणून त्यांनी माझ्या ब्लाउजची उसवलेली बाही तिथल्या तिथे शिवून दिली. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "हात तर चालू आहेत ना."

तू विचारलंस, काय करू. मी सांगणार नाही. मला काय हवं आहे ते तुला माहीत आहे, आणि तुझं लायसन्स जाऊ नये हेही मला तितकंच हवं आहे. या दोन्हींत कमीजास्त करता येत नाही.

वहिनी


११ फेब्रुवारी

भाऊजी,

परवा मुदत नाही, तेरवा आहे. माझ्यासमोर दोन कागद आहेत. एकात लिहिलं आहे, "दि. १४ सप्टेंबर रोजी माझे पती रुग्णालयात दाखल होते." दुसऱ्यात ही ओळ नाही, त्यात फक्त मागणी आहे की समितीने पावती क्रमांक ४१८ हजर करावी. बाई म्हणाल्या, दुसरा कागद दुबळा आहे, समिती म्हणेल की अशी पावती मिळालीच नाही, आणि मग आपल्या हातात काही राहत नाही.

मी दुसरा देणार आहे.

हरले तरी चालेल, असं म्हणत नाही. चालणार नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की मला वाटतं, यांनी ते वाक्य वाचलं आहे. पण ह्यांचं नाव तुझ्या अंगावर पाय देऊन वर काढलं तर ते ह्यांनाच आवडणार नाही. ते तुला खांद्यावर बसवून मशीनरूमच्या झरोक्यातून शहर दाखवायचे. त्या माणसाची बायको म्हणून मला एवढं तरी जमायला हवं.

हे पत्र तुला ओढायला लिहिलेलं नाही. तसं वाटलं तर फाड. मी तुला रागावलेली नाही हे तुझ्याकडे लेखी असावं म्हणून लिहिलं.

वहिनी


१७ मार्च

भाऊजी,

आज आदेशाची नक्कल मिळाली. पण आधी पाच तारखेच्या सुनावणीबद्दल, कारण तू पाठमोरा होतास आणि संपल्या संपल्या बस गाठायला पळालास. तुला न दिसलेलं लिहिते.

तू येणार आहेस हे मला माहीत नव्हतं. तू तेरा फेब्रुवारीलाच चारशे सतरा आणि अठरा, दोन्ही कार्बन आणि तुझा जबाब थेट कार्यालयात पोचता केलास, हेही नव्हतं. दार उघडलं, तू आलास, इस्त्रीचा शर्ट, आणि माझ्याकडे न बघता पुढे जाऊन उभा राहिलास. खिडकीवाल्या बाईंनी माझं मनगट धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

अधिकाऱ्यांनी पावती वर धरून विचारलं, "ही सही कुणाची?"

"माझी."

"नाव तर भावाचं आहे."

"नाव त्यांचं, साहेब. काम मी केलं. लायसन्स तेव्हा माझ्याकडे नव्हतं. त्यांनी पलंगावरून सांगितलं, त्या खटक्याचा आवाज मागच्या वेळी बरा नव्हता, आजच बघून ये. मी बघून आलो."

त्या क्षणी समितीचे सचिव उठून म्हणाले, "ऐका, म्हणजे सही बनावट." तेव्हा तू मान खाली घातलीस. तू वर बघायला हवं होतंस. अधिकारी चष्मा काढून त्यांना म्हणाले, "या बनावट सहीचा पहिला कागद तुम्हीच पुरावा म्हणून आणलात. दुसरा कुठे आहे?" सचिव खाली बसले. मागच्या खुर्चीवरून समितीतले सगळ्यात म्हातारे सभासद काठी टेकत उठले आणि म्हणाले, "माझ्या फायलीत आहे. पाचव्या मजल्यावर नवं बिऱ्हाड यायचं होतं, सामान चढवायचं होतं. वायरमन बोलावून खटक्यावर तार गुंडाळली. मी विरोध केला नाही." त्यांनाही हे सांगायला कुणी भाग पाडलं नव्हतं. तू उभा राहिलास म्हणून ते उभे राहिले, असं मी म्हणते. बाई म्हणतात, हे सिद्ध करता येणार नाही. न येऊ दे.

तू गेल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई कुबड्या टेकत माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "दीर चांगला आहे. शर्टाचं दुसरं बटण मात्र वेगळ्या दोऱ्यानं लावलंय." त्यांची भरपाई आता समितीकडून होईल. त्यांनी मोटर लावलेलं मशीन मागितलं आहे, डाव्या पायाने चालणारं.

आता आदेश. ते वाक्य काढून टाकलं आहे. त्या जागी लिहिलं आहे की दोषाची सूचना त्याच दिवशी लेखी दिली होती, लिफ्ट बंद केली होती, आणि समितीने ती असुरक्षित स्थितीत परत सुरू केली. तुझं लायसन्स सहा महिने स्थगित. रद्द नाही. 'स्वतःहून माहिती दिल्याचे लक्षात घेऊन' असे शब्द आहेत. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

ह्यांच्यावरही एक ठपका आहे, तो तुझ्यापासून लपवत नाही. लायसन्स नसलेल्या माणसाला आपल्या नावाने सही करू दिली, ही लायसन्सधारकाची चूक, असं स्पष्ट नोंदवलं आहे. बाईंनी विचारलं, यावर अपील करायचं का? मी म्हटलं, नको, हे खरं आहे. मला ह्यांचं नाव स्वच्छ हवं होतं, धुतल्यासारखं पांढरंफेक नको होतं. प्रेमापोटी केलेली चूक आहे, पण चूक आहे, आणि आता ती त्यांच्या स्वतःच्या नावावर आहे. खोटी होती ती गेली.

दुसऱ्या पानावर 'काम करणारा' असा रकाना आहे आणि त्याखाली तुझं पूर्ण नाव. त्याखालच्या ओळीत 'लायसन्सधारक', आणि ह्यांचं. इतकी वर्षं दोघं एकाच सहीत राहिलात. दोन ओळींत दोन नावं मी पहिल्यांदा बघितली. दोन्ही तपासली, दोन्ही बरोबर लिहिली आहेत.

तुझ्यासाठी प्रमाणित नक्कल काढून ठेवली आहे. टपालाने पाठवणार नाही. सहा महिने तुला कुणाच्या लिफ्टला हात लावायचा नाही, तर तिकडे भाड्याच्या खोलीत काय करतोस? इथे ये. आपल्या घराला लिफ्ट नाही, चार जिने आहेत. हळू चढ, मी दार उघडं ठेवते.

वहिनी